वारशाने आलेली गाडी विकताना

घरातले वडीलधारे माणूस देवाघरी गेले की पहिले काही दिवस आपल्याला कशाचेच भान नसते. अंत्यविधी, सांत्वनाला येणारे आप्तेष्ट, सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा यांत वेळ जातो. मग घर हळूहळू पूर्ववत होते आणि कोणीतरी तो प्रश्न काढतेच: त्यांच्या वस्तूंचे काय करायचे? कपडे गरजूंना दिले जातात. चष्मा, जपमाळ, प्रार्थनेचे पुस्तक कपाटात राहते. जमीन आणि घर यांचा विषय निघाला की वकील, तलाठी, सातबारा असा मोठा व्याप सुरू होतो आणि तो वर्षानुवर्षे चालतो. या दोहोंच्या मध्ये एक वस्तू असते, ती म्हणजे अंगणात उभी असलेली गाडी.

गाडी कपाटात ठेवता येत नाही आणि जमिनीसारखी तिची किंमत वाढतही नाही. उभी राहिली की बॅटरी उतरते, टायर बसतात, आपल्या खाऱ्या हवेत पत्रा गंजतो. म्हणून ती लवकर विकावी लागते, आणि बहुतेक वेळा ओळखीपाळखीतच विकली जाते. या व्यवहारात वकील नसतो, साक्षीदार नसतात, मोठी रक्कमही नसते. जे काही घडते ते विकणाऱ्याच्या सदसद्‌विवेकबुद्धीवर सोडलेले असते. म्हणूनच या छोट्या व्यवहाराकडे जरा थांबून पाहावे असे आम्हांला वाटते. मोठ्या वाटणीत आपण सावध असतो. आपण खरोखर कसे आहोत ते अशा लहान विक्रीत कळते.

एक उदाहरण घेऊ. हे कोणा एका घरचे नाही, आम्ही ते रचले आहे. पण पुष्कळ घरांना ते ओळखीचे वाटेल. एक अविवाहित काका होते. त्यांच्याकडे जुनी व्हॅन होती. पहाटे कोणाला स्टेशनवर सोडायचे असो, रात्री कोणाला इस्पितळात न्यायचे असो, काकांची गाडी हमखास निघायची. याच गाडीतून मंडळी गोव्याच्या फेस्ताला आणि वेलांकणीला जाऊन आली. काका मृत्युपत्र न करता वारले. त्यांचे आईवडील आधीच गेलेले. मागे दोन भाऊ, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली एक बहीण, आणि आधीच निवर्तलेल्या दुसऱ्या बहिणीची दोन मुले. गाडी विकायची जबाबदारी मोठ्या भावाने घेतली. आता त्याच्यापुढे कोणकोणते प्रश्न उभे राहतात ते पाहू.

गाडी नक्की कोणाची?

पहिले उत्तर सहज सुचते: गाडी ज्याच्या अंगणात आहे आणि किल्ली ज्याच्या खिळ्याला टांगली आहे त्याची. हे उत्तर चुकीचे आहे. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, ज्याला पत्नी, मुले, आईवडील कोणी नाही आणि ज्याने मृत्युपत्र केले नाही, त्याची मालमत्ता भावाबहिणींत समसमान वाटली जाते. बहीण लग्न होऊन गेली म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. जी बहीण आधीच वारली तिचा वाटा तिच्या मुलांना मिळतो. म्हणजे या गाडीचे चार वाटे होतात. त्यातला एक सासरी गेलेल्या बहिणीचा आणि एक त्या दोन भाच्यांचा.

कागदावर हे स्पष्ट आहे, पण आपल्या घरांतील रीत वेगळी असते. बहिणीला विचारायचे ते हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरते. गाडीसाठी तर तेवढेही नाही. “गाडीचं काय तिला सांगायचं, ती काय मागायला येणार आहे?” असे आपण सहज म्हणून जातो. ती मागायला येणार नाही हे खरे आहे. पण मागायला न येणे आणि हक्क नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वीच्या त्रावणकोर संस्थानातील ख्रिस्ती मुलींना १९१६ च्या तेथील कायद्याने भावाच्या तुलनेत अगदी अल्प वाटा मिळत असे. मेरी रॉय या ख्रिस्ती महिलेने भावाविरुद्ध न्यायालयात जाऊन तो अन्याय दूर करून घेतला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९८६ साली लागला. आपल्याकडे समान हक्क देणारा कायदा आधीपासून आहे. म्हणून आपल्या बहिणींना न्यायालयाची गरज पडू नये, एक फोन पुरेसा व्हावा.

याच प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. गाडीच्या पुस्तकावर अजून काकांचेच नाव आहे. मालक वारल्यास वारसाने ३० दिवसांच्या आत आर.टी.ओ.ला तसे कळवायचे असते. असे कळवले तर मृत्यूपासून तीन महिने त्याला ती गाडी वापरता येते, आणि त्या मुदतीत ३१ क्रमांकाच्या फॉर्मवर अर्ज करून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. विक्रीचे २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म त्यानंतरचे. त्यासाठी मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती असे कागद लागतात. हे सारे टाळण्यासाठी एक जवळची वाट सांगितली जाते: काकांनी पूर्वी कधी कोऱ्या फॉर्मवर सही करून ठेवली असेल तर ती वापरायची, नसेल तर “तशीच” एक सही मारायची. “काका असते तर त्यांनी सही केलीच असती,” असे समर्थनही तयार असते.

मेलेल्या माणसाच्या नावाने सही करणे म्हणजे जो आता नाही म्हणू शकत नाही त्याच्याकडून खोटे वदवून घेणे होय. शिवाय त्यात दुसऱ्याचे नुकसान आहे. गाडी विकली पण नावावर झाली नाही आणि पुढे अपघात झाला, तर कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचे नाव नोंदीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे पुन्हा स्पष्ट केले. अशा वेळी अपघातात सापडलेल्या गरिबाने भरपाई कोणाकडे मागायची? कबरीत विसावलेल्या काकांकडे? तेव्हा आर.टी.ओ.ची फेरी ही केवळ सरकारी कटकट नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाविषयीचे आपले ते कर्तव्य आहे.

तोंडी शब्दाचे काय?

आता प्रश्न कठीण होत जातो. शेजारचा एक तरुण शेवटची चार वर्षे काकांची गाडी चालवत होता. काकांचे गुडघे दुखू लागल्यापासून दवाखाना, बँक, चर्च सगळीकडे तोच त्यांना नेई. काका त्याला म्हणत, “माझ्यामागे ही गाडी तुझीच.” तो तरुण काही बोलत नाही. पण हे दोन-तीन जणांनी ऐकलेले आहे.

कायदा येथे फारशी मदत करत नाही. आपल्यासारख्या सामान्य माणसांचे मृत्युपत्र लेखी आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचे असावे लागते. तोंडी इच्छेला कायद्यात किंमत नाही. मग विवेकानेही ती सोडून द्यावी का?

आम्हांला वाटते, आधी एक गोष्ट पडताळून पाहावी. त्या तरुणाला त्याच्या कामाचे पैसे मिळत होते का? काकांनी त्याला महिन्याला काही दिले नसेल आणि “गाडी तुझीच” या भरवशावर तो राबला असेल, तर ती गाडी त्याला द्यायची भेट नाही, ते त्याचे देणे आहे. आणि देणे हे वारशाच्या आधी येते. वारसा कायदाही हाच क्रम सांगतो. मृताच्या मालमत्तेतून प्रथम अंत्यविधीचा आणि वारसाहक्काच्या कामाचा खर्च. मग त्याच्याकडे शेवटच्या तीन महिन्यांत काम केलेल्या मजुराची, कारागिराची, घरगड्याची मजुरी. मग इतर कर्जे. यातून जे उरेल ते वारसांचे. संत याकोबाने आपल्या पत्रात श्रीमंतांना बजावले आहे, की शेतात राबणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवापुढे ओरडत असते. ती मजुरी मृताने अडवली होती म्हणून वारसाच्या हातात आल्यावर तिचा आवाज बंद होत नाही.

आणि त्याला कामाचे पैसे वेळच्या वेळी मिळत असतील तर? तर काकांचे शब्द म्हणजे त्यांची प्रेमाची इच्छा होती. ती पाळणे चांगले, पण येथे एक मर्यादा आहे. मोठा भाऊ स्वतःच्या वाट्यापुरता उदार होऊ शकतो. भाच्यांचा वाटा परस्पर देऊन टाकण्याचा अधिकार त्याला नाही. दुसऱ्याच्या खिशातून केलेले दान हे दान नव्हे. म्हणून सर्व वारसांनी एकत्र बसावे, जे ऐकले ते लपवू नये, आणि त्या तरुणाला गाडी द्यायची, कमी किमतीत द्यायची, की विक्रीतून काही रक्कम द्यायची हे सर्वांनी मिळून ठरवावे. काहीही ठरले तरी त्याला समोर बोलावून सांगावे. त्याने मागितले नाही म्हणून विषय संपला असे मानणे, हे बहिणीला न विचारण्यासारखेच आहे.

दोन घोड्यांची गोष्ट

आता सर्वांत मोठा प्रश्न. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेले होते ते आपल्याला आठवते. समजा, त्या पुरात काकांची गाडी सीटपर्यंत बुडाली होती. नंतर ती दुरुस्त झाली, चालते आहे, पण तिची वायरिंग अधूनमधून दगा देते. चटईखालचा पत्रा कुजला आहे. गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी करायची तपासणी राहून गेली आहे. वरून गाडी धुतली-पुसली की छान दिसते. गिऱ्हाईक म्हणून एक तरुण जोडपे आले आहे, त्यांच्या कडेवर लहान मूल आहे. निर्दोष स्थितीत अशा गाडीला १,२०,००० रुपये येतील. खरी स्थिती सांगितली तर ८५,००० च्या वर कोणी देणार नाही. जोडप्याने पुराबद्दल काही विचारलेले नाही. आपण सांगायचे का?

हा प्रश्न फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ साली रोमच्या सिसेरोने कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात असाच एक वाद आहे: घरमालकाला ठाऊक आहे की आपले घर राहण्यास अपायकारक आहे आणि त्याचे लाकूड किडलेले आहे; ते न सांगता त्याने घर विकले तर तो अन्याय होतो का? एक तत्त्वज्ञ म्हणतो, मी कोणाला घ्यायची बळजबरी केली नाही. दुसरा म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट, कारण तुम्ही जाणूनबुजून त्याला चुकीच्या वाटेला लावता. सिसेरोचा कौल दुसऱ्याच्या बाजूने आहे. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानचे बिशप संत अंब्रोज यांनी त्याच धर्तीवर आपल्या धर्मगुरूंसाठी ग्रंथ लिहिला आणि विकणाऱ्याने वस्तूचे दोष उघड केलेच पाहिजेत असे सांगितले.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वाइनस यांनी या प्रश्नाची बारकाईने फोड केली. त्यांच्या विवेचनात घोड्याचे उदाहरण आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते गिऱ्हाइकाला दिसतेच. तेव्हा दोषाच्या मानाने किंमत कमी लावली असेल तर विकणाऱ्याने आणखी बोललेच पाहिजे असे नाही. परंतु दोष दिसत नसेल आणि त्यामुळे घेणाऱ्याला धोका वा नुकसान पोहोचणार असेल, तर तो सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. लंगडा घोडा चपळ म्हणून विकू नये, पडायला आलेले घर भक्कम म्हणून विकू नये. दरवाजावरचा ओरखडा म्हणजे एका डोळ्याचा घोडा. चटईखालचा कुजका पत्रा म्हणजे लंगडा घोडा.

घोड्याचे दुसरे उदाहरण आपल्या देशाच्या कायद्यात आहे. १८७२ च्या करार कायद्यात फसवणुकीच्या कलमाखाली ते दिलेले आहे. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला माहीत आहे. तो घेणाऱ्याला काहीच सांगत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे. पण लगेच पुढचे उदाहरण येते: घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे घोड्याचा दोष तिला सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

या दोन उदाहरणांवर आपण थोडा विचार करावा. घोडा तोच आहे. दोष तोच आहे. विकणाराही तोच आहे. बदलते ते फक्त घेणाऱ्याशी असलेले नाते. मुलीला सांगावे लागते, परक्याला न सांगितले तरी चालते. कायद्याला कुठेतरी रेषा आखावी लागते, त्याला आपण दोष देत नाही. परंतु एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले होते, की माझा शेजारी कोण? त्याला उत्तर म्हणून चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मिळाली. त्या गोष्टीनंतर “तो परका आहे, त्याला सांगायची गरज नाही” हे वाक्य आपल्याला सहज उच्चारता येत नाही. कडेवर मूल घेऊन आलेले ते जोडपे आपली मुलगी आणि जावई असते, तर टाकीबद्दल आपण गप्प बसलो असतो का? या एका प्रश्नाने बहुतेक शंका मिटतात.

“पण पैसा माझ्या एकट्याचा नाही”

येथे एक आक्षेप निघतो, आणि तो हलका नाही. मोठा भाऊ म्हणतो, “गाडी माझी असती तर मी सगळे सांगितले असते. माझे ३५,००० गेले तरी हरकत नव्हती. पण यात बहिणीचा वाटा आहे, आईविना वाढलेल्या भाच्यांचा वाटा आहे. त्यांच्या वतीने मी विकतो आहे. माझ्या सचोटीची किंमत त्यांनी का मोजावी?”

दुसऱ्यासाठी काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला हा मोह होतो. संस्थेचा पदाधिकारी, पतपेढीचा संचालक, मुलांसाठी धडपडणारे आईबाप, सारे कधी ना कधी असेच म्हणतात: मी माझ्यासाठी काही करत नाही. स्वतःसाठी खोटे बोलताना लाज वाटते. आपल्या माणसांसाठी बोलताना ते कर्तव्यच वाटू लागते.

या आक्षेपाचे उत्तर आम्हांला असे दिसते. वारसांचा हक्क कशावर आहे? काकांनी जे मागे ठेवले त्यावर. काकांनी मागे काय ठेवले? पुरात बुडालेली, पत्रा कुजलेली गाडी. तिची किंमत ८५,००० रुपये आहे. न बुडालेली गाडी काकांनी मागे ठेवलेलीच नाही, त्यामुळे तिचे पैसे वारशात कधी नव्हतेच. वरचे ३५,००० रुपये काकांच्या मालमत्तेतून येत नाहीत, ते त्या तरुण जोडप्याच्या खिशातून येतात. तेव्हा खरे सांगून मोठा भाऊ भाच्यांचे काहीच हिरावून घेत नाही. खोटे राहून तो त्यांच्या हातात दुसऱ्याचे पैसे ठेवतो, आणि तेही त्यांना न सांगता.

आणखी एक गोष्ट आहे. ते जोडपे ही गाडी घ्यायला का आले? “अमक्या काकांची गाडी आहे” असे त्यांना कोणीतरी सांगितले म्हणून. काकांचे नाव चांगले, म्हणजे गाडी चांगली असणार. आपण गप्प बसलो की ते चांगले नाव आपण तारण म्हणून वापरतो. गाडी महिन्याभरात रस्त्यात बंद पडली की लोक म्हणणार, काकांच्या गाडीने फसवले. चाळीस वर्षे लोकांना वेळी-अवेळी मदत करून मिळवलेले नाव एका व्यवहारात जाते. काकांनी मागे ठेवलेल्या संपत्तीत ते नावही होते. त्याची वाटणी होत नाही, पण नासाडी होऊ शकते.

किंमत कोणती लावायची?

दोष सांगितले म्हणजे सगळे झाले असे नाही. किंमतही न्याय्य हवी. समजा, ते जोडपे बाजूला ठेवून मोठ्या भावाने ही गाडी आपल्या मुलालाच ४५,००० रुपयांना दिली. घरची गाडी घरात राहिली, वरवर पाहता छान झाले. पण हिशेब करून पाहा. ८५,००० च्या चार वाट्यांत प्रत्येकी २१,२५० रुपये येतात. ४५,००० च्या वाट्यांत प्रत्येकी ११,२५० येतात. बहिणीचे १०,००० गेले आणि दोन्ही भाच्यांचे मिळून १०,००० गेले. पुतण्याला गाडी द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण किंमत दोन-तीन ठिकाणी विचारून सर्वांसमोर ठरवावी. पवित्र शास्त्रात अब्राहामाने सारेच्या दफनासाठी माखपेलाची गुहा घेतली, तेव्हा नगराच्या वेशीवर सर्वांच्या देखत ४०० शेकेल रुपे तोलून दिले. फुकट देऊ केलेले असतानाही त्याने पूर्ण किंमत मोजली, आणि चारचौघांत मोजली. घरातले व्यवहार अशा उजेडात झाले तर कितीतरी भावंडांचे अबोले टळतील.

उलट दिशेनेही अन्याय होऊ शकतो. एखाद्याला गाडीची फारच निकड आहे, घरात आजारी माणूस आहे, हे कळल्यावर आपण किंमत चढवतो. संत थॉमस याविषयी मार्मिक विचार मांडतात. वस्तू देताना आपले काही विशेष नुकसान होत असेल तर ते किमतीत धरणे योग्य आहे. परंतु घेणाऱ्याला तिची गरज जास्त आहे म्हणून किंमत वाढवणे योग्य नाही, कारण ती गरज त्याची आहे. जे आपले नाही ते आपण त्याला विकू कसे शकतो?

आणि हा नियम घेणाऱ्यालाही लागू आहे. संत ऑगस्टीन अशा एका माणसाविषयी सांगतात, ज्याला एक हस्तलिखित विकत घ्यायचे होते. विकणाऱ्याला त्याची खरी किंमत माहीत नव्हती आणि तो फारच कमी मागत होता. या माणसाने आपणहून योग्य किंमत दिली. दुःखात असलेल्या घरातून पडत्या भावात वस्तू उचलणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. काल-परवा विधवा झालेल्या बाईला गाडीचा भाव ठाऊक नसतो. तो आपल्याला ठाऊक असेल तर तिला सांगणे हे आपले काम आहे.

गाडी रस्त्यावर आणण्याच्या लायकीची राहिलीच नसेल तर? मग ती कोणालाच विकू नये, “जशी आहे तशी” या अटीवरही नाही. स्वस्त मिळते म्हणून ती घेणारा बहुधा आपल्यापेक्षा गरीब असतो, आणि धोका त्याच्या मुलाबाळांना असतो. २०२१ पासून जुन्या वाहनांसाठी नोंदणीकृत भंगार केंद्रांची व्यवस्था झाली आहे. तेथे गाडी देऊन नोंदणी रद्द करून घ्यावी. पैसे कमी येतील, पण झोप शांत लागेल.

विकल्याने आठवण जाते का?

काही घरांत याच्या उलट घडते. गाडी विकायला मन धजत नाही. “काकांची आठवण आहे, राहू दे,” म्हणून ती ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी राहते. उंदीर वायरी कुरतडतात, पावसाळ्यात तिच्यात डास होतात. या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु काकांना गाडी प्रिय होती ती लोकांना नेण्या-आणण्यासाठी. ती कुजत ठेवण्यात त्यांची आठवण आहे की आपल्या दुःखाची? एखाद्या गरजू कुटुंबाच्या उपयोगी ती पडली तर काकांच्या स्वभावाला ते अधिक शोभेल. आपल्या मृतांना आपण मिस्सात, प्रार्थनेत, नोव्हेंबर महिन्यात कबरीवर मेणबत्ती लावताना भेटतो. त्यासाठी अंगणात पत्र्याचा सांगाडा लागत नाही.

विक्रीतून आलेल्या पैशातून काय करावे हे ज्याने त्याने ठरवावे. कोणी आपल्या वाट्यातून काकांसाठी मिस्सा सांगेल, कोणी सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीला काही देईल, कोणाला घरखर्चासाठीच त्याची गरज असेल. यांत कमी-जास्त पुण्य मोजत बसू नये. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा यांना पेत्राने जो दोष दिला तो पैसे ठेवून घेतल्याचा नव्हता. जमीन त्यांची होती, पैसेही त्यांचेच होते. दोष होता तो खोटे बोलण्याचा.

बंधुभगिनींनो, गर्दीतल्या एका माणसाने प्रभू येशूला एकदा विनंती केली, की माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. प्रभूने वाटणी करून दिली नाही. आपल्याला न्यायाधीश कोणी नेमले, असे विचारून त्याने सर्वांना लोभापासून जपायला सांगितले. याचा अर्थ वाटणीचा प्रश्न क्षुल्लक आहे असा नाही. तो आपणच, आपल्या ओट्यावर, आपल्या भावंडांसमोर सोडवायचा आहे, आणि लोभ बाजूला ठेवला तर तो सुटतो.

वारशाने आलेल्या वस्तूचे आपण मालक होण्याआधी कारभारी असतो. ती आपण कमावलेली नसते. जो गेला तो बोलू शकत नाही, जी बहीण दूर आहे ती मागायला येत नाही, जो घ्यायला आला आहे त्याला चटईखालचे दिसत नाही. या तिघांच्या वतीने बोलू शकेल असा एकच माणूस तेथे असतो, तो म्हणजे ज्याच्या हातात किल्ली आहे तो. तेव्हा आपल्या घरात असा प्रसंग आला तर किल्ली दुसऱ्याच्या हातात देण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. बहिणीला फोन करावा. ज्याला शब्द दिला होता त्याला बोलावून घ्यावे. आणि घ्यायला आलेल्याला चटई उचलून दाखवावी.